तीन सह्यांचं गाव

ऑफिसात मी पत्ता भरण्याच्या एका फॉर्मवर काम करत होतो. जगातल्या कुठल्याही ग्राहकाला आपला पत्ता त्या फॉर्ममध्ये बसवता आला पाहिजे, एवढंच काम. टेस्टिंगसाठी अवघड पत्ते शोधताना एक पोस्टकोड सापडला : टीडीसीयू १झेडझेड. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या त्रिस्तान दा कुन्हा नावाच्या बेटाचा. तो २००५ साली दिला गेला, कारण पोस्टकोड नसल्यामुळे तिथल्या लोकांना ऑनलाइन काही मागवणं त्रासाचं होत होतं. म्हणजे आमच्यासारख्यांनी लिहिलेले फॉर्म त्यांचा पत्ता मानायलाच तयार नव्हते!

बेटावर वस्ती एकच, माणसं अडीचशेच्या आत. विमानतळ नाही. केपटाऊन सुमारे २,८०० किलोमीटरवर, आणि तिथून बोटीने जायला साधारण आठवडा लागतो. माणसांची सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही २,४०० किलोमीटर दूर.

त्याच आठवड्यात काकांनी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. कोकणातली आमची वाडी आमच्याच आडनावाने ओळखली जाते. पणजोबांच्या वडिलांनी रान तोडून ती वसवली, असं लहानपणापासून ऐकत आलोय. जमीन सामाईक आहे. सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की त्यातली निम्मी माणसं कोण, हे सांगायलाही कुणी उरलेलं नाही. पीडीएफमध्ये वाटणीचा मसुदा होता आणि सोबत दोन्ही आत्यांसाठी हक्कसोडपत्र. खाली काकांचा मेसेज : "तुझं आत्यांशी चांगलं आहे. तू समजावून सांग."

मी पीडीएफ बाजूला ठेवली आणि त्रिस्तानबद्दल वाचत बसलो. नावडतं काम टाळायचा हा माझा जुना मार्ग. पण वाचता वाचता लक्षात आलं की त्रिस्तानचं गावही एका कुटुंबानेच वसवलंय, आणि त्या गावाची सुरुवातही एका कागदापासूनच होते.

राजा आणि कॉर्पोरल

बेट पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्तांव दा कुन्याला १५०६ साली दिसलं, म्हणून त्याचं नाव. समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखीचा सुळका, उंची दोन हजार मीटरच्या थोडी वर. भोवती कडेच कडे. वायव्येला तेवढी एक सपाट पट्टी आहे, राहण्यासारखी. पुढची तीनशे वर्षं जहाजं पाणी भरायला थांबायची, सीलची शिकार करणारे यायचे-जायचे, पण राहिलं कुणी नाही.

राहण्याचा पहिला जोरकस प्रयत्न जोनाथन लॅम्बर्ट या अमेरिकनाने केला. दोन साथीदारांसह तो १८१० च्या अखेरीस इथे उतरला आणि १८११ च्या सुरुवातीला त्याने जाहीरनामा काढला की ही सगळी बेटं आता माझ्या मालकीची. बेटांना त्याने नवं नावही दिलं, विसाव्याची बेटं अशा अर्थाचं. येणाऱ्या जहाजांना भाजीपाला आणि मांस विकायचं, असा त्याचा बेत होता. तो काही वाईट नव्हता, पुढे गावाने नेमकं तेच केलं. पण १८१२ मध्ये लॅम्बर्ट समुद्रात बुडाला आणि त्याचं राज्य तिथेच संपलं. ब्रिटिश सैनिक १८१६ साली बेटावर उतरले, तेव्हा त्या टोळीतला तोमासो कॉर्री हा इटालियन तेवढा हयात होता.

ब्रिटिशांनी हे बेट घेतलं त्यामागे नेपोलियन होता. १८१५ च्या ऑक्टोबरात त्याला सेंट हेलेनावर आणून ठेवलं होतं. त्याला सोडवायला कुणी त्रिस्तानचा तळ म्हणून वापर करेल, अशी भीती. शिवाय नुकत्याच झालेल्या युद्धात अमेरिकन जहाजांनी या बेटाचा आसरा घेतला होता. म्हणून १८१६ च्या ऑगस्टमध्ये झेंडा लागला आणि केपहून सैनिकांची तुकडी आली. दोन हजारांवर किलोमीटरचा समुद्र मध्ये असताना ही पहाऱ्याची कल्पना फारशी पटण्यासारखी नव्हतीच. वर्षभरात सरकारलाही ते कळलं आणि तुकडी परत बोलावली गेली.

त्या तुकडीत तोफखान्यातला एक कॉर्पोरल होता. विल्यम ग्लास, स्कॉटलंडमधल्या केल्सो गावचा, वय तिशीचं. सोबत केपमध्ये लग्न केलेली बायको मारिया लेंडर्स आणि दोन मुलं. ग्लासने मागे राहायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. सॅम्युएल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल हे प्लिमथचे दोन गवंडीही त्याच्यासोबत राहिले.

कागद

तुकडीची आवराआवर चालू असताना, ७ नोव्हेंबर १८१७ ला, या तिघांनी एक करारनामा लिहून त्यावर सह्या केल्या.

तारीख वाचून मी थबकलो. पुण्यात राहणाऱ्या माणसाला १८१७ चा नोव्हेंबर वेगळ्या कारणाने माहीत असतो. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि १७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. त्या बारा दिवसांच्या मधल्या एका दिवशी, त्याच इंग्रजी सत्तेने सोडून दिलेल्या एका खडकावर तीन माणसं आपसात ठरवत होती की इथे कुणी कुणावर सत्ता गाजवायची नाही.

करारातली कलमं थोडकी आहेत. गुरंढोरं आणि साठा तिघांच्या समान मालकीचा. जो नफा होईल तो सारखा वाटायचा. जे विकत घ्यायचं त्याचे पैसे तिघांनी सारखे भरायचे. सगळ्यांत सलोखा राहावा म्हणून कुणीही स्वतःला वरचढ समजायचं नाही. सगळे सर्व बाबतीत समान, आणि आजारी नसेल तर प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम करायचं. कुणाला बेट सोडून जायचं असेल तर नेमलेल्या माणसांकडून मालमत्तेची किंमत ठरवून घ्यायची, आणि ते ठरवतील ती किंमत अंतिम.

आणखी एक कलम आहे : बायको-मुलांमुळे ग्लासवर जादा खर्चाचा बोजा टाकायचा नाही.

हा करार मी बऱ्याचदा वाचला. लॅम्बर्टच्या जाहीरनाम्यात मालक कोण हे लिहिलं होतं. या कागदात लिहिलंय ते कामाचं, खर्चाचं आणि निघून जाण्याचं. सुरुवातीच्या उत्साहात लोक कसं राहायचं ते ठरवतात, पण सोडून जायची वेळ आली तर काय, हे फार कमी जण लिहून ठेवतात. आमच्या वाडीतून गेल्या तीन पिढ्यांत माणसं मुंबईला गेली, पुण्याला गेली, दुबईला गेली, पण कागदावरून कुणीच गेलं नाही. म्हणून तर सातबारा इतका लांब.

अर्थात या कागदावर भाळून जायचं कारण नाही. त्यात मारियाची सही नाही. समान असलेले तिघेही पुरुष आहेत आणि तिचा उल्लेख येतो तो खर्चाच्या संदर्भात. ती तिथे नसती तर गाव झालंच नसतं. एक गलबत-कंपनी तेवढी झाली असती आणि चार-पाच वर्षांत उठून गेली असती.

फुटलेली जहाजं

गाव वाढलं ते मुख्यतः जहाजं फुटल्यामुळे. १८२१ साली ब्लेंडन हॉल नावाचं जहाज इंग्लंडहून मुंबईला निघालं होतं. ते शेजारच्या इनॲक्सेसिबल बेटावर आदळलं. नावाप्रमाणेच दुर्गम असलेल्या त्या बेटावर उतारू आणि खलाशी काही महिने कसेबसे तगले. शेवटी काही जण फुटक्या जहाजाच्या लाकडातून होडी करून त्रिस्तानला पोचले, आणि ग्लासने आपल्या माणसांसह जाऊन उरलेल्यांना सोडवून आणलं. त्यातला एक खलाशी, स्टीफन व्हाइट, त्रिस्तानवरच राहिला. सोबत पेगी, जहाजावरच्या उतारूंची मोलकरीण. ती मुंबईची होती.

तिच्याबद्दल आपल्याला थोडंफार कळतं ते ऑगस्टस अर्ल या चित्रकारामुळे. अर्ल १८२४ च्या मार्चमध्ये चित्रं काढायला म्हणून बेटावर उतरला आणि वारा बदलल्याने त्याचं जहाज त्याला तिथेच टाकून निघून गेलं. आठ महिने तो अडकून पडला. त्या काळात त्याने ग्लासच्या मुलांना शिकवलं, रविवारची प्रार्थना चालवली आणि बरंच लिहून ठेवलं. त्याच्या लिखाणात बेटावर दोनच बायका आहेत : केपची मारिया आणि मुंबईची, अर्धी पोर्तुगीज असलेली ती दुसरी. वसई, वांद्रे, माझगाव या भागातली असेल का, असं मनात येतं. पण तिच्याबद्दल याहून जास्त काही हाती लागत नाही. व्हाइट हे आडनाव आज बेटावर नाही.

१८२७ साली बेटावरच्या पाच अविवाहित पुरुषांनी एका कप्तानाला गळ घातली की सेंट हेलेनाहून आमच्यासाठी बायका घेऊन ये. त्याने पाच बायका आणल्या, कुणासोबत मुलंही होती. सेंट हेलेना तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं आणि आफ्रिका, मादागास्कर, हिंदुस्थान अशा ठिकाणांहून गुलाम म्हणून आणलेल्यांची तिथे मोठी वस्ती होती. आज ही गोष्ट विनोदी ढंगाने सांगतात : थॉमस स्वेन म्हणे म्हणाला होता, किनाऱ्यावर पहिलं पाऊल टाकेल तिच्याशी मी लग्न करणार. त्या बायकांना काय वाटलं असेल, ते कुणी लिहिलेलं नाही. न पाहिलेल्या पुरुषांसाठी न पाहिलेल्या बेटावर जायला तयार व्हायचं, म्हणजे मागे जे होतं ते किती बरं असेल, एवढा अंदाज करता येतो.

पुढची आडनावं अशीच येत गेली. १८३६ साली एमिली जहाज फुटलं आणि नेदरलँड्समधल्या काटवाइकचा पीटर ग्रून राहिला. त्याचं ग्रीन झालं. अमेरिकन व्हेलशिकारी जहाजांवरून रॉजर्स आणि हेगन आले. १८९२ साली इटालिया फुटलं आणि कामोलीचे लावारेल्लो आणि रेपेत्तो राहिले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, लावारेल्लो, रेपेत्तो. इतकी वर्षं सगळं गाव या सात आडनावांत मावत आलं.

मूळ पुरुष जातो, गाव राहतं

माणसं वाढली तसा करारही जसाच्या तसा राहिला नाही. ग्लास प्रमुख मानला जाऊ लागला, बाहेरचे त्याला गव्हर्नर म्हणायचे. मारियाला आणि त्याला सोळा मुलं झाली. व्हेलच्या शिकारीचा तो भरभराटीचा काळ. जहाजं बटाटे, मांस आणि गोडं पाणी घ्यायची, बदल्यात कापड, पीठ, लोखंड द्यायची. ग्लासच्या मुली अमेरिकन शिकाऱ्यांना दिल्या गेल्या, मुलगे त्यांच्या जहाजांवर चढले.

१८५३ मध्ये ग्लास वारला. त्यानंतर तीन वर्षांतच मारिया आणि तिच्या कुटुंबातली बहुतेक माणसं अमेरिकेत न्यू लंडनला निघून गेली. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बेटावरचे पाद्री टेलर पंचेचाळीसच्या आसपास लोकांना घेऊन केपला गेले. गावाला भविष्य नाही, असं त्यांचं मत झालं होतं. मागे २८ माणसं उरली.

आपल्याकडे वाडी म्हटली की मूळ पुरुष, मग त्याचा वंशवृक्ष, मग मानपान, असा हिशेब असतो. पहिला नारळ कुणाचा यावरून कोर्टात गेलेली घरं मला माहीत आहेत. त्रिस्तानवर मूळ पुरुषाचं घरच जवळपास रिकामं झालं आणि तरी गाव राहिलं. कारण मागे उरलेल्या ग्रीन किंवा स्वेनचा हक्क ग्लासच्या रक्तातून आलेला नव्हता. तो काम करण्यातून आणि तिथे राहण्यातून आला होता. माझ्या मते ग्लासने गावाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, की गाव त्याच्या घराण्यावर अवलंबून ठेवलं नाही. (ग्लास आडनाव बेटावर आजही आहे, पण बाकीच्यांइतकंच.)

पुढची वर्षं कठीण गेली. व्हेलशिकार उतरणीला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, आणि हिंदुस्थानकडे जाणारी वाट त्रिस्तानपासून कायमची दूर गेली. १८८२ साली एका फुटलेल्या जहाजातून उंदीर किनाऱ्यावर आले आणि पिकांवर पडले. १८८५ च्या नोव्हेंबरात, दूरवरून जाणाऱ्या एका जहाजाशी देवाणघेवाण करायला पंधरा पुरुष एका होडीतून गेले. ते परत आले नाहीत. शंभराच्या आतबाहेर वस्तीच्या गावातले पंधरा कर्ते पुरुष. त्यानंतर गाव चालवलं ते बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी.

त्याच काळात एडविन डॉजसन हे बेटावर पाद्री म्हणून होते, लुईस कॅरलचे धाकटे भाऊ. त्यांनीही सरकारला कळवलं की या लोकांना इथून हलवा. हलवायचे बेत पुढेही अधूनमधून निघत राहिले. काही जण गेले, बाकीचे राहिले.

विलायतेहून परत

पैसा गावात खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश नौदलाचा तळ झाला तेव्हा. त्याआधी सगळा व्यवहार बटाट्यांवर. गावाला स्वतःची टपाल तिकिटं मिळावीत म्हणून १९४६ साली एक नमुना तिकीट तयार केलं, त्यावर किंमत छापली होती : एक पेनी किंवा चार बटाटे. युद्धानंतर शेवंडांची मासेमारी आणि कारखाना सुरू झाला.

आणि १९६१ च्या ऑगस्टमध्ये जमीन हादरायला लागली. ऑक्टोबरात वस्तीच्या अगदी कडेला जमीन फुगली, फाटली, आणि लाव्हा वर आला. १० ऑक्टोबरला सगळं गाव होड्यांतून बाहेर पडलं. आधी शेजारच्या नाइटिंगेल बेटावर, मग डच जहाजाने केपटाऊन, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंग्लंड. अडीचशेहून जास्त माणसं, ज्यांतल्या बहुतेकांनी कधी रस्त्यावरची रहदारी पाहिलेली नव्हती. साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉटला हवाई दलाची रिकामी घरं होती, तिथे त्यांची सोय झाली. पुरुषांना नोकऱ्या मिळाल्या, पोरांना शाळा, घरात वीज आणि टीव्ही. सर्दी-खोकल्याच्या साथींना त्यांची शरीरं सरावलेली नव्हती. काही म्हातारी माणसं त्या हिवाळ्यात गेली.

सरकारला वाटलं होतं, आता प्रश्न मिटला. लोकांनी मात्र परत जायचा धोशा लावला. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान घेतलं. परत जाण्याच्या बाजूने १४८, विरुद्ध ५.

१९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले. लाव्हाने मासळीचा कारखाना आणि होड्या लावायचा किनारा गिळला होता, पण घरं बव्हंशी शाबूत होती. मागे राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्या फस्त केल्या होत्या. नवं छोटं बंदर बांधलं, त्याला नाव दिलं कॅलशॉट हार्बर. काही कुटुंबं १९६६ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेली, आणि त्यातली काही पुन्हा परत आली. जाण्या-येण्यावर कुणी रुसवाफुगवा धरला असेलही, पण गावाने दार लावून घेतलं नाही.

परत जायला काय होतं तिथे? वर्तमानपत्रांना तेव्हा हे कोडं वाटलं. साधेपणाची ओढ, वगैरे लिहिलं गेलं. मला ते पुरेसं वाटत नाही. इंग्लंडमध्ये ही माणसं पगारदार होती आणि भाडेकरू होती. त्रिस्तानवर त्यांच्यावर मालक नव्हता. जमीन आजही सगळ्या गावाची आहे. बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. घरटी किती गुरं आणि मेंढ्या ठेवायच्या याला मर्यादा आहे, म्हणजे कुरण टिकावं आणि कुणी एकाने बाकीच्यांवर कुरघोडी करू नये. गावापासून थोड्या अंतरावर बटाट्याचे वाफे आहेत, दगडी गडग्यांनी वेगळे केलेले, प्रत्येक कुटुंबाचे आपापले. मासेमारीला जायचा दिवस असला की पहाटे गॅसच्या जुन्या नळकांड्यावर ठोके देतात, आणि सगळे निघतात.

१८१७ चा तो कागद कायदा म्हणून कधीच संपला. सह्या करणाऱ्यांपैकी दोघे काही वर्षांतच निघून गेले. पण कलमांची सवय राहिली. फक्त एका बाबतीत ती बदलावी लागली : बेटाच्या कौन्सिलमध्ये आठ जण निवडून येतात, आणि त्यातली निदान एक स्त्री असलीच पाहिजे असा नियम आहे. मारियाच्या न झालेल्या सहीची भरपाई त्याने होत नाही. तरी ते लिहिलं गेलं, हे महत्त्वाचं.

सगळंच काही गोड नाही. इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या वस्तीत दम्याचं प्रमाण फार मोठं आहे. जवळजवळ निम्म्या लोकांना तो त्रास असल्याचं संशोधकांना आढळलं, आणि दम्याची जनुकं शोधायला जगभरातले शास्त्रज्ञ तिथे गेले. तरुण मुलं शिकायला बाहेर जातात, सगळी परत येत नाहीत. गाव आणखी शंभर वर्षं टिकेल का, हा प्रश्न तिथेही आहे, आमच्या वाडीसारखाच.

आमच्या वाडीचं त्रिस्तान होणार नाही. तिथे समुद्राने सगळ्यांना एकमेकांना धरून राहायला लावलं, आमच्या दारात आता एसटीही येते आणि एजंटही. पण त्या मसुद्यात दोन गोष्टी नव्हत्या, हे मला त्रिस्तानमुळे दिसलं. जो बाहेर पडेल त्याच्या वाट्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार, हे त्यात नव्हतं. आणि आत्या त्यात होत्या त्या फक्त हक्क सोडायला.

मी मोठ्या आत्याला फोन केला. समजावायला नाही, विचारायला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मी काय आता जमीन उचलून नेणारे? पण मला आधी कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. आता विचारलंस, तर लिही नाव."

मसुद्यात दोन्ही आत्यांची नावं वाटेकरी म्हणून घातली, किंमत ठरवायचं एक कलम जोडलं आणि पीडीएफ काकांना परत पाठवली. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.